हाकेच्या अंतरावर

घरात शिरणाऱ्या चोराची वर्दी विजेच्या साहाय्याने देणारे यंत्र प्रथम एका धर्मोपदेशकाने घडविले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉमरव्हिल येथील ऑगस्टस रसेल पोप हे ते गृहस्थ. ते युनिटेरियन पंथाचे उपदेशक होते. २१ जून १८५३ रोजी त्यांना आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले. यंत्राची रचना साधी होती. दार अथवा खिडकी उघडली की विजेचे मंडल पूर्ण होई, विद्युतचुंबक जागा होई आणि त्याला जोडलेला लहानसा हातोडा पितळेच्या घंटेवर आपटू लागे. पुढे १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी या शोधाचे हक्क विकत घेतले आणि एका उपदेशकाच्या कल्पनेतून मोठा व्यवसाय उभा राहिला.

चोराची घंटा धर्मोपदेशकाला सुचावी, याचे मला फारसे नवल वाटत नाही. रात्रीच्या वेळी कोणत्या घरात कोण एकटे आहे, हे गावात ज्या थोड्यांना नेमके ठाऊक असते, त्यांत धर्मगुरूची गणना करावी लागेल. आजाऱ्यांसाठी पवित्र कम्युनियन घेऊन घरोघर जाताना आम्ही केवळ आजार पाहत नाही. दाराची सैल झालेली कडी, मागच्या पडवीतला विझलेला दिवा, उशाशी ठेवलेली काठी, हेही दिसते.

गेल्या वर्षी हा विषय माझ्या दारी आला तो टोरांटोहून आलेल्या एका दूरध्वनीच्या रूपाने. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा एकुलता मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पतीच्या निधनानंतर वाडीतल्या जुन्या कौलारू घरात ती एकटीच राहते. त्या हिवाळ्यात आमच्या बाजूला दोन घरफोड्या झाल्या होत्या. पहिले घर लग्नाला गेलेल्या मंडळींचे होते व ते बंद होते. दुसऱ्या घरात मात्र माणसे झोपलेली होती, आणि त्यामुळेच साऱ्या वाडीची झोप उडाली होती. "फादर, आई इकडे यायला तयार नाही आणि घर सोडून बहिणीकडे राहायलाही तयार नाही. निदान घराला अलार्म तरी बसवू या. तुम्ही सांगितले तर ती ऐकेल," असे तो म्हणाला.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील घरे ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी पाहिली असतील, त्यांना या विनंतीतील दुःख समजेल. त्या काळी एकेका घरात दहा-पंधरा माणसे नांदत. उन्हाळ्यात पुरुषमंडळी ओट्यावर पथारी टाकीत. भाजी, फुले, केळी व विड्याची पाने घेऊन मुंबईची पहिली गाडी गाठणारी माणसे पहाटे तीनलाच उठत. सारे गाव एकाच वेळी झोपले आहे, असा रात्रीचा प्रहरच नव्हता. पुढे शेती आटली, मुले शिकली आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखाती देश येथे पांगली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, रस्ते उजळले. परंतु वाडीतल्या मोठमोठ्या घरांत एक-दोन वृद्ध जीव उरले. माणसांच्या वावराने जी राखण आपोआप होत असे, ती आता विकत घ्यावी लागत आहे.

मुलाचा पहिला विचार होता की तेथूनच एक संच पाठवावा. तो मार्ग आम्ही सोडून दिला. कॅनडातील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. ही अडचण लहान, कारण त्यावर उपाय मिळतो. मोठी अडचण होती ती बिनतारी लहरींची. अशा लहान उपकरणांसाठी निरनिराळ्या देशांनी निरनिराळे पट्टे राखून ठेवले आहेत. आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढील काही पट्ट्यात अल्प शक्तीच्या उपकरणांना वेगळा परवाना लागत नाही. उत्तर अमेरिकेतील घरगुती यंत्रे बहुधा अन्य पट्ट्यांवर बोलतात. तशा लहरींवर बोलणारे यंत्र येथे आणून बसविणे नियमाला धरून नाही, आणि ते बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हाही प्रश्न होताच.

तारेची यंत्रणा घ्यावी की बिनतारी, हा दुसरा प्रश्न. तारेची यंत्रणा अधिक भरवशाची, हे मान्य करायला हवे. तिच्या प्रत्येक संवेदकाची बॅटरी बदलत बसावे लागत नाही आणि लहरींचा गोंधळ माजवून तिला मुकी करता येत नाही. परंतु घराच्या भिंती जाड, चुन्यात बांधलेल्या. त्या खणून तारा नेणे म्हणजे सासऱ्यांनी बांधलेल्या घराला जखमा करणे, असे मावशींचे म्हणणे पडले. म्हणून बिनतारी यंत्रणा ठरली.

कॅमेऱ्याविषयी मात्र मावशींनी आपले मत अगदी स्वच्छ सांगितले. मुलाला घरातल्या प्रत्येक खोलीत कॅमेरा हवा होता. मावशी मला म्हणाल्या, "फादर, बाहेर हवे ते लावा. माजघरात मी कशी बसते, काय खाते, कधी रडते, हे टोरांटोला कशाला दिसायला हवे?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि मी ते शोधलेही नाही. म्हातारपणी शरीर परावलंबी होऊ लागते, तेव्हा माणसाजवळ उरलेल्या थोड्या मालमत्तेत त्याचे एकांत असते. चोरापासून चांदीची भांडी वाचवताना तेच गमावले, तर राखण कशाची केली?

दारावरच्या एका कॅमेऱ्यास त्यांची हरकत नव्हती. त्या साधनाची कथा मी त्यांना सांगितली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची परिचारिका राहत असे. तिला अवेळी घरी एकटे राहावे लागे आणि बोलावल्यावर पोलीस येण्यास विलंब लागे. दार न उघडता बाहेर कोण आहे हे दिसावे, यासाठी तिने पती आल्बर्ट यांच्या साहाय्याने कॅमेरा व पडदा जोडलेली यंत्रणा योजली, १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये तिला ते मिळाले. मावशी ऐकून म्हणाल्या, "तिने दाराबाहेरचे पाहिले ना? मग ते ठीक आहे."

यंत्र बसविण्याचे काम आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण वीजतंत्र्याने केले. मी त्याच्याजवळ दिवसभर बसलो होतो. जे पाहिले व समजून घेतले ते येथे नोंदवितो, कारण अशी चौकशी आता अनेक घरांतून माझ्याकडे होऊ लागली आहे.

दारे-खिडक्यांवर बसतात ते चुंबकी संवेदक. फळीवर लहान चुंबक आणि चौकटीवर त्याच्या समोर एक डबी, ज्यात पातळ पात्यांची कळ असते. चुंबक दूर गेला की पाती आपली जागा सोडतात आणि डबी मुख्य यंत्राला निरोप धाडते. या दोहोंतील अंतर एक-दोन सेंटिमीटरच्या आतच ठेवावे लागते. जुनी दुपाखी दारे पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. म्हणून आमच्या तंत्र्याने प्रत्येक दार अडसर लावून व काढून, हलवून पाहिले आणि मगच डबी पक्की केली.

माजघर व जिना यांसाठी हालचाल ओळखणारा संवेदक बसवला. पीआयआर या नावाने तो बाजारात मिळतो. तो स्वतः कोणतीही लहर सोडत नाही. समोरून जाणाऱ्या शरीराच्या उष्णतेचा फरक तेवढा टिपतो. त्याच्या नजरेला आडवे जाणारे माणूस त्याला चटकन कळते, सरळ त्याच्याकडे चालत येणारे उशिरा. त्यामुळे तो कोपऱ्यात, साधारण सव्वादोन मीटर उंचीवर लावला. खिडकीकडे तोंड करून तो लावू नये, कारण ऊन त्याला फसविते. वैशाखात भिंती तापल्या आणि हवाच अंगाइतकी गरम झाली की त्याची ओळख मंदावते. त्याच्या काचेवर पाल बसली की त्याला ती माणसाएवढी भासते. आमच्याकडे पालींना तोटा नाही. तेव्हा महिन्यातून एकदा फडक्याने तो पुसावा, असे ठरले.

मुख्य यंत्र घराच्या मध्यभागी, दर्शनी दारातून दिसणार नाही अशा जागी ठेवले. जाड भिंतींत लहरी क्षीण होतात, त्यामुळे प्रत्येक खोलीतून निरोप पोहोचतो की नाही, हे चालून पाहावे लागते. वीज गेल्यावर काही तास चालेल अशी बॅटरी त्यात हवी. प्रत्येक संवेदकाने ठरावीक वेळाने "मी जागा आहे" असे मुख्य यंत्राला कळवावे, अशी सोय चांगल्या यंत्रात असते. एखादा संवेदक गप्प झाला, त्याची बॅटरी संपली वा कोणी लहरींचा गोंधळ माजविला, तर ते तिच्यामुळे लक्षात येते. स्वस्त यंत्रांच्या किल्लीचा संकेत कायम एकच असतो, तो कोणी टिपून पुन्हा वापरू शकतो. दर वेळी संकेत बदलणारी किल्ली घेणे शहाणपणाचे. यंत्रात सिमकार्ड घालायचे असेल, तर ते यंत्र कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालते हे आधी विचारावे. जुन्या टू-जी यंत्रात केवळ फोर-जी सेवा देणाऱ्या कंपनीचे कार्ड चालत नाही. आणि त्या कार्डाचे रिचार्ज संपले की यंत्राची वाचा जाते, सायरन तेवढा ओरडत राहतो.

हे सर्व दुपारपर्यंत झाले. त्यानंतर तंत्र्याने विचारले, "फादर, यात सहा क्रमांक घालायचे आहेत. कोणाचे घालू?"

दिवसभरातील हाच प्रश्न सर्वांत कठीण ठरला. यंत्र निवडण्यास आम्हाला दोन आठवडे लागले होते. सहा माणसे निवडण्यास त्याहून अधिक लागले. मावशींनी मुलाचा क्रमांक सांगितला. रात्रीचे दोन वाजता त्याला कळेल खरे, तेव्हा टोरांटोत आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतील. पण तो येणार कसा? मग नालासोपाऱ्याची भाची निघाली, वाडीतले दोन तरुण निघाले. माझा क्रमांक मी दिला. सहावे नाव निघेना. मी ओट्यावर उभा राहून पाहिले. विहिरीपलीकडे, चाळीस पावलांवर एक घर होते आणि त्याच्या दारात मावशींच्या यजमानांचे चुलतभाऊ खुर्ची टाकून बसले होते.

"त्या माणसाचा क्रमांक नको," मावशी म्हणाल्या.

कारण मला ठाऊक होते, धर्मग्रामालाही ठाऊक होते. एका बांधावरून आणि विहिरीच्या पाण्यातील वाट्यावरून दोन घरांचे बोलणे अकरा वर्षांपूर्वी तुटले होते. दर रविवारी एकाच मिस्साबलिदानाला दोघे येतात, शांतीची खूण करताना दोघे दोन दिशांना वळतात. मी मावशींना उपदेश केला नाही. तंत्र्याला पाचच क्रमांक घालण्यास सांगितले आणि एवढेच म्हणालो, "मावशी, सहावी जागा मोकळी ठेवू. त्या चाळीस पावलांत दुसरे कोणी राहत असेल तर मला सांगा."

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला : "फादरना वाटत असेल तर विचारून पाहावे." मी गेलो. चुलतदीर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "क्रमांक घालायचा तर घाला, फादर. हाक आली तर मी येईन. पण त्या घरात पाऊल ठेवणार नाही. ओट्यापर्यंत येईन."

"ओट्यापर्यंत पुरे आहे," मी म्हणालो, आणि त्यांचा क्रमांक पहिला घातला गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून लागायचा होता, एका रात्री दोनच्या सुमारास वादळी वारा सुटला. माडीवरच्या खिडकीची कडी निघाली आणि सायरन वाजू लागला. माझ्या फोनवर निरोप आला तेव्हा मी स्कूटर काढली. मी पोहोचलो तोवर पंधरा मिनिटे गेली असतील. चुलतदीर हातात विजेरी व शेजारी कोयता ठेवून ओट्यावर बसले होते. घराला फेरी मारून, सारे पाहून त्यांनी बाहेरूनच सांगितले होते, "खिडकी उघडली आहे. चोर नाही. दार उघडू नका, मी येथे बसतो." उजाडेपर्यंत ते तेथेच बसून राहिले. वाडीतले तरुण आले, खिडकी बंद झाली, टोरांटोहून फोनवर फोन येत राहिले. "फोनवर लाल अक्षरे दिसत होती आणि मी काही करू शकत नव्हतो," असे मुलाने नंतर मला सांगितले.

या घटनेला चमत्कार म्हणण्याची माझी इच्छा नाही. बांधाचा वाद मिटलेला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी मावशी मला म्हणाल्या, "रात्री भावजी आले होते." 'तो माणूस' या शब्दांच्या जागी अकरा वर्षांनी 'भावजी' आला होता. त्याच आठवड्यात त्यांनी तंत्र्याला बोलावून विहिरीकडच्या वाटेवर एक दिवा लावून घेतला. येणाऱ्याच्या पायाखाली उजेड असावा, एवढेच त्यांनी त्याचे कारण दिले.

त्या रात्रीनंतर मी पुष्कळदा विचार केला. ज्या टोरांटोत तो मुलगा राहतो, तेथील पोलिसांनी २०१८ पासून असा नियम केला आहे की केवळ अलार्म वाजला म्हणून ते धावत जाणार नाहीत. घरात खरोखर काही घडत आहे याची कोणीतरी खात्री दिली पाहिजे. खोट्या हाका फार झाल्या, हे त्यामागचे कारण. म्हणजे संपन्न देशातही यंत्राच्या हाकेनंतर प्रश्न उरतोच : पाहायला कोण जाणार? आपल्याकडे ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे आणि तो प्रत्येक वृद्धाला पाठ हवा. तरीही पोलिसांची गाडी येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्याचीच असतात. यंत्र हाक मारते. तिला ओ माणसालाच द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या हिवाळ्यातल्या घरफोड्यांनंतर चर्चच्या आवारात जी कुजबुज चालली होती, ती मी ऐकली आहे. कोणताही पुरावा नसताना बोट प्रथम वळले ते चाळींत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांकडे. त्या चाळी आपल्याच आहेत. खोल्यांचे भाडे आपणच घेतो. त्या खोल्यांच्या दाराला एक कुलूप असते, आत दोन ट्रंका असतात, आणि त्यांनाही चोराचे भय असते. भिंतीवरच्या त्या लहानशा डबीला शरीराची ऊब कळते, माणसाचे गाव कळत नाही. ती कोणावर आरोप ठेवीत नाही. आपण तिच्याकडून एवढे जरी शिकलो तरी तिची किंमत वसूल झाली, असे मी समजेन.

प्रभू येशूने आपल्या पुनरागमनासाठी रात्री येणाऱ्या चोराची उपमा वापरली आणि शिष्यांना जागे राहण्यास सांगितले. हा उतारा वाचताना प्रत्येकाला आपले घर व आपला आत्मा आठवतो, आणि ते योग्यही आहे. परंतु जो स्वतःच्याच दारापाशी कान लावून जागतो, त्याला पलीकडच्या वाडीतली हाक ऐकू येईल का? शुभवर्तमानातील जागृतीत शेजाऱ्याची हाक ऐकण्याची तयारी नक्कीच धरलेली असावी, असे मला त्या जूनच्या रात्रीपासून वाटते.

अलीकडे घर आशीर्वादित करण्यास गेलो की तीर्थ शिंपडून झाल्यावर मी घरच्यांना एक प्रश्न विचारतो : रात्री दोन वाजता तुम्ही हाक मारलीत तर कोण येईल? काही घरांत तीन-चार नावे पटापट निघतात. काही घरांत माणसे एकमेकांकडे पाहतात आणि कोणी बोलत नाही. तशा घरांना मी सांगतो, अलार्म जरूर घ्या, चांगला पाहून घ्या. पण दुकानात जाण्यापूर्वी शेजारचे दार ठोठवा. ते काम दिवसाउजेडी केलेले बरे.